गेमिंग पीसी जुळवताना: सुरुवात मॉनिटरपासून

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखाद्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरून ‘गेमिंग पीसी बनवायचाय’ म्हटलं की काउंटरपलीकडून बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन?’ ऑफिसच्या मशीनसाठी हा प्रश्न रास्त आहे. गेमिंगसाठी मात्र तो चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो. गेममध्ये चित्र रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं आणि ते किती मोठं, किती वेगाने रंगवायचं हे मॉनिटर ठरवतो. त्यामुळे मॉनिटर सोडून साठ ते ऐंशी हजारांत मशीन बसवायचं असेल तर हिशेब उलटा मांडावा. आधी मॉनिटर, मग त्याला साजेसं कार्ड, कार्डाला पुरेल एवढाच प्रोसेसर आणि या सगळ्यांना धडपणे वीज देणारा एसएमपीएस. उरलेल्या वस्तू या चौघांच्या मागून ठरतात.

फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. २५६० गुणिले १४४०च्या मॉनिटरवर हाच आकडा ३६ लाख ८६ हजारांवर जातो. दर फ्रेमला पावणेदोन पटीहून जास्त पिक्सेल रंगवायचे, म्हणजे कार्डही त्याच अंगाने महाग होत जातं. दुसरा आकडा हर्ट्झचा. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये हा फरक हाताला जाणवतो; सायबरपंक २०७७सारख्या कथेच्या गेममध्ये त्यापेक्षा सावल्या, पाऊस, दिव्यांचे प्रकाश यांची मजा मोठी. घरात नक्की काय खेळलं जाणार, हे पैसे देणाऱ्याने खेळणाऱ्याला आधी विचारून घ्यावं. माझं मत विचाराल तर या बजेटात फुल एचडी, १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झ आणि आयपीएस पॅनल, इथेच थांबावं. फोर-केचा नाद सोडावा.

प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातली वाटणी एकदा समजली की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. प्रत्येक फ्रेमच्या आधी प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी आदळली तर कुठे फेकली जाईल. मग तो कार्डाला हुकूम सोडतो, की आता एवढं एवढं काढ. कार्ड ते रंगवतं. दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागेल, तोच फ्रेमरेट ठरवतो. यातली मेख अशी की रेझोल्युशन वाढवल्याने प्रोसेसरचं काम फारसं वाढत नाही, कार्डाचं वाढतं. म्हणून जुन्या मशीनची नाडी तपासायची सोपी रीत आहे. गेमचं रेझोल्युशन कमी करून पाहा. एफपीएस, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेम, भराभर वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के दिसत असेल, तर वाटणी योग्य जमली आहे असं समजावं. दुबळ्या कार्डाला आय-सेव्हन जोडून काही साधत नाही, कारण तो नुसता वाट बघत बसतो.

आता कार्ड. बजेटचा साधारण चाळीस टक्के भाग इथे गेला तरी हळहळू नये. गोंधळ होतो तो मेमरीवरून. ‘४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड’ म्हणून जीटी ७३० गळ्यात मारलं जातं आणि घेणाऱ्याला वाटतं, चार जीबी म्हणजे काहीतरी दणकट. कार्डाची ताकद त्यावरच्या चिपमध्ये असते; मेमरी ही फक्त रंगसाहित्य ठेवायची जागा. पण ती जागा अपुरी पडली तर मात्र ताकदवान चिपचेही हाल होतात. गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे यांचे टेक्श्चर या व्हीरॅममध्ये मावले नाहीत, तर कार्डाला ते मदरबोर्डवरच्या रॅममधून पीसीआयई स्लॉटच्या वाटेने आणावे लागतात, आणि ती वाट व्हीरॅमच्या तुलनेत फार अरुंद. सरासरी एफपीएस ठीक दिसतात, पण वळणावर, नव्या खोलीत शिरताना चित्र अडखळतं. आजच्या मोठ्या गेममध्ये फुल एचडीवरसुद्धा अल्ट्रा सेटिंगला ८ जीबी तोकडे पडू लागले आहेत. टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणली की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते, तरी नवीन कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर जास्त मेमरीचं घेणं शहाणपणाचं.

याच पीसीआयई स्लॉटचा आणखी एक बारकावा आहे. आरटीएक्स ४०६०सारखी मध्यम कार्डं स्लॉटमधल्या १६ पैकी ८च लेन वापरतात. चौथ्या पिढीच्या पीसीआयईवर त्याने फारसं बिघडत नाही. पण घरातल्या जुन्या बी४५० मदरबोर्डवर, म्हणजे तिसऱ्या पिढीवर, ते कार्ड बसवलं की वाटेची रुंदी निम्मी होते. व्हीरॅम भरलेला असेल तेव्हा ही कमतरता बरोबर उघडी पडते. रायझन ५ ५५०० घेतला तर बोर्ड नवा असूनही हेच होतं, कारण तो प्रोसेसरच तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईवर थांबतो आणि त्यात एल-थ्री कॅश १६ एमबी आहे. नावात जेमतेम शंभराचा फरक असलेल्या ५६००मध्ये चौथी पिढी मिळते आणि कॅश ३२ एमबी. शेजारी शेजारी ठेवलेल्या या दोन डब्यांत गेमिंगसाठी दुसराच उचलावा.

नावांच्या बाबतीत कंपन्या ग्राहकाला फार जपतात असं म्हणता येणार नाही. आरटीएक्स ३०५० दोन प्रकारची आहे; ६ जीबीवाल्यात नुसती मेमरीच कमी नाही, चिपमधले कोअरही कमी आहेत, २५६०च्या जागी २३०४. रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी हे २०२५ साली आलेलं कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत एकाच नावाने विकलं जातं. कोटेशनवर नुसतं ‘९०६० एक्सटी’ लिहिलेलं असेल तर पेन काढून पुढे जीबीचा आकडा लिहून घ्यावा. मला या घडीला १६ जीबीवालं ९०६० एक्सटी या बजेटातलं सगळ्यात समतोल कार्ड वाटतं. एनव्हिडियाची डीएलएसएस ही कमी रेझोल्युशनचं चित्र मोठं करण्याची युक्ती उत्तम आहे यात वाद नाही, आणि ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० तिच्या जोरावर बरंच काही निभावून नेतं. पण भरलेला व्हीरॅम ती पूर्णपणे रिकामा करून देऊ शकत नाही.

प्रोसेसरला सहा कोअर, बारा थ्रेड पुरतात. रायझन ५ ७६०० घेतला तर एएम५ सॉकेट मिळतं, ज्यावर पुढे मदरबोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवता येईल. पैसे आखडते असतील तर रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ अजूनही तग धरून आहेत. त्या शेवटच्या ‘एफ’कडे लक्ष असू द्या. अशा प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसतात, त्यामुळे उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तर मशीन तोवर बंद. ७६००मध्ये साधं चित्र दाखवण्यापुरते ग्राफिक्स आहेत. त्याच्या डब्यात कूलरही येतो. निदान सुरुवातीला तो चालवून पाहावा. मदरबोर्डवर दिव्यांसाठी पैसे मोजू नयेत, ७६००साठी बी६५० वर्गातला साधा बोर्ड पुरे.

रॅम दोन काड्यांची घ्यावी. १६ जीबीची एक काडी आणि ८ जीबीच्या दोन काड्या यांत एकूण जागा सारखीच, पण दोन काड्यांनी ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माल मिळतो. चार स्लॉटांचा बोर्ड असेल तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट भरायचा असतो. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या काड्या दिसायला छान दिसतात आणि बरेचदा एकाच चॅनलवर अडकून पडतात. एरवी मी डोळे झाकून ३२ जीबी सांगितली असती. पण २०२५च्या अखेरीपासून एआयच्या सर्व्हरकडे मेमरीचा ओघ वळला आणि किरकोळ बाजारात रॅमचे भाव भलतेच चढले. सध्या १६ने सुरुवात करून कार्डाचे पैसे कार्डावरच राहू देणं बरं. एसएसडी एनव्हीएमई जातीची, परवडली तर १ टीबी. सातहजारी वेग लिहिलेली आणि साडेतीनहजारी वेग लिहिलेली यांत गेम उघडायला लागणाऱ्या वेळाचा फरक घड्याळ लावूनच कळेल.

खरी फसगत होते एसएमपीएसमध्ये. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेला डबा बाजूला ठेवावा आणि त्याच्या कडेचं लेबल वाचावं. वर ठळक लिहिलेलं असतं ४५० वॉट. खाली छोटा तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टमधून ओढतात. समजा तिथे १८ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो, म्हणजे जवळपास सगळे वॉट उपयोगी बाजूला. आपल्या मशीनची गरज काय? ७६०० भरात असताना सुमारे ९० वॉट, ९०६० एक्सटी १६०, उरलेलं सगळं मिळून पन्नास-साठ. म्हणजे तीनशेच्या घरात. पण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी याहून बरंच जास्त ओढतं, म्हणून ५५० ते ६५० वॉटचा घ्यावा.

डब्यावरचा ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का चांगला, पण तो कार्यक्षमतेचा आहे: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोहोचते आणि किती उष्णतेत जाते. शॉर्टसर्किट झालं किंवा व्होल्टेज उसळलं तर डबा स्वतःला वेळेत बंद करून घेईल का, हे तो शिक्का सांगत नाही. ते संरक्षण आहे की नाही हे डब्यावरच्या माहितीत वेगळं पाहावं लागतं आणि पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी सहसा त्यात कुचराई करत नाही. स्वस्त एसएमपीएस जळताना बरेचदा एकटा जळत नाही, हे लक्षात घेऊन इथे हात आखडू नये. आणि हो, ज्या सॉकेटमध्ये मशीन लावणार तिथे अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनकडून बघून घ्यावं. तीन भोकं असली म्हणजे तिसऱ्यामागे तार असतेच असं नाही.

विजेच्या लपंडावाचा गाव असेल तर यूपीएसचा हिशेबही याच वेळी करावा. सगळ्यात खपणारा यूपीएस ६०० व्हीएचा असतो. व्हीए म्हणजे वॉट नव्हे; त्यावर बारीक अक्षरात बहुधा ३६० वॉट लिहिलेलं सापडेल. एसएमपीएसमधली घट आणि मॉनिटर धरून गेम चालू असताना आपलं मशीन त्या मर्यादेला टेकतं किंवा ओलांडतं. वीज असेपर्यंत काहीच कळत नाही, आणि वीज गेली की ज्या क्षणासाठी यूपीएस घेतला त्याच क्षणी तो ओव्हरलोड होऊन माघार घेतो. १००० व्हीए, ६०० वॉटचा घ्यावा. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि यूपीएस मोडवर ठेवलेला हवा. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर सेकंदाचा साधारण साठावा भाग तग धरतो. इन्व्हर्टरवर बदली तेवढ्यात झाली पाहिजे.

कॅबिनेटची निवड उन्हाळ्यावर करावी. पंखा बाहेरच्या हवेपेक्षा आतलं काही थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली २५ अंशांची ४० झाली की आतले आकडेही जवळपास तेवढेच वर सरकतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हे कळायला थर्मामीटर लागत नाही. पुढून बंद काच आणि आत सप्तरंगी दिवे असलेल्या कॅबिनेटपेक्षा पुढे जाळी, दोन पंखे आत हवा घेणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा असलेलं साधं कॅबिनेट केव्हाही सरस. जाळीमागचा धुळीचा फिल्टर निघणारा असावा, म्हणजे तो धुतला जाईल.

जुन्या कार्डांच्या बाजाराबद्दल थोडं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी मायनिंगची पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर विक्रीला निघाली. अशा कार्डाची चिप सहसा शाबूत असते, पंखे आणि थर्मल पॅड थकलेले असतात. अर्धा तास गेम चालवून तापमान बघू देत नसेल त्याच्याकडून घेऊ नये. परदेशातल्या नातेवाइकांकडून कार्ड मागवण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते पाहावं. बरेचदा चालत नाही.

सगळं जुळलं, बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच राहिली, तर लगेच घाबरून सुटं करायला घेऊ नका. डीडीआर५ रॅम असलेली मशीन पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची जुळवाजुळव करतात, आणि एएम५वर त्याला कधीकधी काही मिनिटं लागतात. त्या वेळेत मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये लावली आहे ना, वर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही ना, हे बघून घ्यावं. मग बायॉसमध्ये जाऊन एक्सपो, इंटेलचा बोर्ड असेल तर एक्सएमपी, चालू करायचं. नाहीतर ६०००ची म्हणून घेतलेली रॅम ४८००वरच धावत राहते. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासा. १४४ हर्ट्झचे पैसे मोजून वर्षभर ६०वर खेळणारी मंडळी कमी नाहीत. बिलावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर दुकानदाराकडून लिहून घ्या आणि डबे माळ्यावर टाका, कारण वॉरंटीच्या काउंटरवर आधी तेच मागतात.