भाजल्यानंतरचे बरे होणे : रुग्णांना काय महत्त्वाचे वाटते?

खोलवर भाजलेली जखम भरली आणि रोपण केलेली त्वचा धरली, की रुग्णाला घरी सोडतात. बरे होण्याचा दीर्घ टप्पा मात्र इथून पुढे सुरू होतो. जखमेच्या जागी कोलाजेन गरजेपेक्षा जास्त साठल्यास व्रण लाल, जाड आणि ताठर होतो. तो निवळायला अनेकदा एक ते दोन वर्षे लागतात. व्रण आकसला तर मान, कोपर किंवा बोटे आखडतात. ते टाळण्यासाठी स्प्लिंट आणि व्यायाम लागतात. व्रण दबून राहावा म्हणून दिवसाचे सुमारे २३ तास घालायचे घट्ट प्रेशर गारमेंट देतात.

या काळातील रुग्णांच्या तक्रारी वेगळ्याच असतात. खाज इतकी असते की झोप लागत नाही. खोल भाजण्यात घामाच्या ग्रंथी नष्ट होतात, त्यामुळे मोठा भाग भाजलेल्यांना ऊन आणि उकाडा सोसत नाही. लोकांच्या रोखलेल्या नजरा, कामावर परतण्याची धास्ती आणि अपघाताच्या आठवणी मनाचा पिच्छा सोडत नाहीत.

संशोधनात या त्रासाची नोंद होण्यास उशीर झाला. १९९० मध्ये मांडलेल्या व्हँकुव्हर मापनपद्धतीत व्रणाची लाली, रंग, लवचिकता आणि उंची तपासणाराच ठरवतो. वेदना आणि खाज यांना तिथे जागा नव्हती. २००४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी नवी पद्धत मांडली. तिच्यात रुग्ण स्वतः वेदना, खाज, ताठरपणा यांना गुण देतो.

मोजमापाइतकाच संशोधनाच्या विषयांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या जेम्स लिंड अलायन्सच्या पद्धतीत रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर अनुत्तरित प्रश्न सुचवतात. आधीच उत्तर मिळालेले प्रश्न वगळून उरलेल्यांचा अग्रक्रम सगळे मिळून ठरवतात. भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांसाठीही ही पद्धत वापरली गेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. उष्ण हवेत प्रेशर गारमेंट किती तास घालणे शक्य आहे, शहरापासून दूर राहणाऱ्याला फिजिओथेरपी कशी मिळेल, खाज कशाने शमेल, हे प्रश्न इथल्या रुग्णांना रोज भेडसावतात. म्हणून चाचणीत कोणता उपचार तपासायचा आणि त्याचे यश कशावरून ठरवायचे, हे ठरवताना रुग्णाचा सहभाग सुरुवातीपासूनच हवा.