वायफाय बंद, धंदा बंद? लिनक्सवाल्या दुकानदाराने मदत कशी मागावी

शुक्रवार, २० जून २०२५. जुम्याची नमाज आटोपून दहिवलीतील एक फर्निचर कारागीर दुकानात परतले. बाहेर पावसाची झोड लागलेली होती. मे महिन्याचे जीएसटी विवरण भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. मासिक विवरणाला उशीर झाला, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज लागते. लॅपटॉप उघडला, तर वायफायचे चिन्हच गायब!

मशीन जुने, त्यावर लिनक्स. विंडोजची चोरीची प्रत वापरणे त्यांना पटेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलाने लिनक्स बसवून दिले होते. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क मारून चाललेल्या कमाईत बरकत कशी राहील, हा त्यांचा साधा विचार. फोनवरून एका दुरुस्तीवाल्याला विचारले. त्याने मशीन न पाहताच सांगून टाकले, "कार्ड जळाले. लिनक्सवर असेच होते. नवीन घ्या."

ओळखीतला, कॉलेजात शिकणारा एक मुलगा असरनंतर आला. त्याने आधी मशीनला हात लावला नाही. विचारले, "चाचा, काल रात्री काही बदललं का?"

"बेटा, अपडेट मागत होता, मी हो म्हटलं. बाकी काही नाही."

मुलाने मशीन बंद करून पुन्हा सुरू केले. सुरू होताना शिफ्टचे बटण दाबून धरले, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' या ओळीत जाऊन आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडला. वायफाय परत आले! कार्ड शाबूत होते. नव्या कर्नलबरोबर त्याचा ड्रायव्हर नीट बसला नव्हता, एवढेच. मगरीबच्या आधी विवरण भरून झाले. (ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टीमुळे मुंबई, ठाणे, पालघर व रायगडला हीच मुदत २७ तारखेपर्यंत वाढवून मिळाली होती. पण अशी सवलत दर महिन्याला कोण देणार?)

हा प्रश्न आता एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि विंडोज ११ अनेक जुन्या मशीनवर चढत नाही. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले लिनक्स मोफत आहे, कायदेशीर आहे आणि जुन्या मशीनवर चालते. मात्र टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने घाई करू नये. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे.

मग वायफायचाच त्रास का? कार्डाच्या आत एक छोटा प्रोग्राम चढवावा लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा असतो. इंटेलच्या कार्डांना सहसा अडचण येत नाही. ब्रॉडकॉमने मात्र लिनक्सवाल्यांना फार सतावले. खुला ड्रायव्हर द्यायला त्या कंपनीला २०१० साल उजाडले, आणि तोही सगळ्या कार्डांसाठी नव्हता. डेबियनने तर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर आपल्या मूळ प्रतीतच द्यायला सुरुवात केली. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी वायफाय-कांड्यांपैकी पुष्कळ रिअलटेकच्या असतात. घेण्यापूर्वी दुकानदाराला लिनक्सवर लावून दाखवायला सांगावे, नाहीतर परत घेण्याचे कबूल करून घ्यावे.

कोणालाही बोलावण्याआधी एक गोष्ट पाहावी. त्याच वायफायवर मोबाइल चालतो का? चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा लाइनचा, लिनक्सला बोल लावू नका. मोबाइल चालतो, मशीनही जोडलेले दिसते, पण साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही, असे असेल तर मशीनचे घड्याळ बघा. जुन्या मशीनमधील बटणाएवढा सेल संपला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि सुरक्षित साइट नकार देतात. सेल बदलला की काम झाले. त्यासाठी शंभराच्या जागी हजार मोजणारेही असतील! पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी राउटरची जागाही तपासावी, कारण पत्रा लहरी अडवतो. शिवाय जुने कार्ड ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क पकडतच नाही, त्याला २.४ चे द्यावे लागते.

वायफाय दिसतच नसेल, तर टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' हा हुकूम इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा सोडून टाइप करावा. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' आले, तर लॅपटॉपचे वायफाय बटण चुकून बंद झालेले असते. पुष्कळदा कीबोर्ड पुसताना हे होते. नंतर 'एलएसपीसीआय', पुढे जागा सोडून वजा चिन्ह व 'एनएनके', असे दिल्यास कार्डाचे नाव, नंबर आणि त्याला कोणता ड्रायव्हर लागला आहे ते कळते. यूएसबी कांडी असेल तर 'एलएसयूएसबी'. हा नंबर कागदावर उतरवून ठेवा. मदत करणारा सर्वांत आधी तोच विचारणार. सोबत लिनक्सचे नाव व आवृत्ती, मशीनचे मॉडेल, पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो आणि कधीपासून, कशानंतर बिघडले, हेही सांगावे. "नेट चालत नाही" एवढ्यावर हकीमही नाडी पाहू शकत नाही.

ड्रायव्हर आणायला नेट हवे आणि नेटला ड्रायव्हर हवा, या पेचावर उपाय खिशातच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने मशीनला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्स बहुधा लगेच जोडून घेते. उबुंटूवर मग 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडले की कार्डाला योग्य ड्रायव्हर असल्यास तो समोर येतो. त्या दिवशी मुलगा आलाच नसता, तरी विवरण याच वायरवरून भरता आले असते.

अनोळखी माणसाने सांगितलेला 'सुडो'ने सुरू होणारा हुकूम समजल्याशिवाय देऊ नका. त्याला मशीनवर सगळे अधिकार मिळतात. जीएसटीचा किंवा बँकेचा पासवर्ड वायफाय दुरुस्त करणाऱ्याला लागत नाही. मागितला तर मशीन उचलून घरी या.

घरातील मुलामुलींना हे शिकवायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठीतूनही आहेत आणि तेही मोफत. दहिवलीच्या त्या दुकानात आता लॅपटॉपच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्यावर कार्डाचा नंबर, लिनक्सची आवृत्ती आणि खाली चाचांच्या अक्षरात: "२० तारखेच्या आठवड्यात अपडेट करू नये."