बांधावरची बिऱ्हाडं (भाग ६) : तुरीवरचा गोड थेंब

नांदेडहून अर्धापूरमार्गे वारंगा फाट्याला आलं की रस्ता फुटतो. एक वाट कळमनुरी-हिंगोलीकडे, दुसरी उमरखेडवरून यवतमाळकडे. खिचडीसाठी इथं गाड्या थांबतात. खाणाऱ्यांपैकी कुणी शेजारच्या रानात डोकावेल असं नाही. पण सोयाबीन निघून गेल्यावर मागं राहिलेली तूर फुलोऱ्यात आली, की तिच्यात बघण्यासारखं बरंच असतं.

तुरीच्या शेंड्यावर मुंगळ्यांची ये-जा दिसली तर तिथं काहीतरी गोड आहे, हे नक्की. बहुतेक वेळा तो मावा असतो, ज्याची हकीकत गेल्या आठवड्यात आली. कधी मात्र कळीच्या देठाशी सेंटीमीटरभर लांबीची, हिरवी, चपटी अळी चिकटलेली असते. डोकं अंगाखाली दडवलेलं, त्यामुळे तोंड कुठलं नि शेपूट कुठली ते चटकन कळत नाही. मुंगळा तिच्या पाठीवर मिशा आपटतो, थांबतो, पुन्हा आपटतो. मग मागच्या बाजूला नितळ थेंब उमटतो आणि मुंगळा तो पिऊन टाकतो.

ही अळी ‘पी ब्लू’ या छोट्या निळसर फुलपाखराची. तूर, मूग, चवळी, वाटाणा, सगळ्या शेंगांवर तिचा डोळा.

थेंब येतो तो पोटाच्या सातव्या वलयावरच्या ग्रंथीतून. न्यूकमर या अमेरिकी अभ्यासकानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावानं ओळखली जाते. आठव्या वलयावर दोन बारीक शुंडकं असतात. ती क्षणात बाहेर येतात, क्षणात आत जातात आणि मुंग्या सावध होतात. लायसिनिडी या निळ्या फुलपाखरांच्या कुळात ज्या जातींच्या अळ्यांची माहिती आहे, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जातींचा मुंग्यांशी काही ना काही संबंध आहे. अळीला यातून राखण मिळते. तिच्या अंगात अंडी घालू पाहणाऱ्या परोपजीवी माश्यांना मुंग्या हुसकून लावतात.

आपल्याकडे या अळ्या पाळून बघणाऱ्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचं नाव मोठं. जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. नोकरी मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. कारवारकडे असताना डेव्हिडसन आणि बेल या दोन अधिकाऱ्यांच्या जोडीनं त्यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांच्या अळ्यांच्या नोंदी केल्या. सरकारी काम सांभाळून एवढं कधी जमवलं, हे कोडंच आहे. मुंग्या दिसल्या की तिथं अळी शोधायची, ही युक्ती अभ्यासक आजही वापरतात.

साखरेच्या बदल्यात राखण, हा हिशेब बरीच वर्षं सरळ वाटत होता. २०१५ मध्ये मासारू होजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात खोट दाखवली. जपानमधल्या एका निळ्या फुलपाखराच्या अळीचा रस प्यायलेल्या मुंग्यांच्या मेंदूतलं डोपामिन घटलं. त्यांचं फिरणं मंदावलं आणि त्या अळीपाशीच घुटमळू लागल्या. मजुरी गुत्त्यावर चुकती करणाऱ्या मुकादमाची जात ही! तेव्हा या व्यवहाराला सरसकट मैत्री म्हणायचं धाडस करू नये.

युरोपातली ‘लार्ज ब्लू’ तर उघड दरोडा घालते. मुंग्या तिच्या अळीला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि आत ती त्यांच्याच अळ्या खाऊन माजते. पण तिचा जीवही त्याच मुंगीत अडकलेला. ब्रिटनमध्ये रोगानं ससे मेले, गवत वाढलं, जमीन गारठली, ऊबदार मातीतली ती मुंगी हटली आणि १९७९ मध्ये फुलपाखरू तिथून नाहीसं झालं. जेरेमी थॉमस यांनी हे कोडं सोडवल्यावर स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं गेलं.

इकडे तुरीत मुंग्यांचा पक्ष ठरवणं अवघड आहे. पी ब्लूची अळी शेंग पोखरते, तिला त्या सांभाळतात. घाटे अळीची अंडी आणि कोवळ्या अळ्या मात्र त्याच मुंग्या फस्त करतात. कीटकनाशक या दोन्ही कामांवर एकदमच फवारलं जातं.

पुढच्या आठवड्यात बांधावरच्या बोरीकडे : तिथं ‘सिल्व्हरलाइन’ची अळी राहते, आणि तिच्या दिमतीला असणाऱ्या मुंग्या चिडल्या की पोटाचं टोक डोक्यावर उचलतात.