धार पाहायची तर किती पट?

रॉबर्ट हूकचं ‘मायक्रोग्राफिया’ १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींच्या या ग्रंथात पहिलं निरीक्षण आहे सुईच्या टोकाचं आणि दुसरं वस्तऱ्याच्या धारेचं. चांगली धार काढलेला वस्तरा भिंगाखाली धरला, तर हूकला त्याची कड जाडसर आणि खडबडीत दिसली, शिवाय तिच्यावरून उजेड परत येत होता. धार तपासणारी माणसं आजही हाच उजेड शोधतात. सुरीची कड वर करून दिव्याखाली धरली, की बोथट जागा पांढऱ्या रेषेसारखी चमकते. तिथे काही मायक्रॉन रुंदीचा माथा तयार झालेला असतो आणि तो प्रकाश परतवतो. खऱ्या धारेला परतवण्याजोगा माथाच नसतो, त्यामुळे ती जागा काळी राहते.

दगडावर धार काढण्याचा नाद असलेल्यांना कधी ना कधी हे सगळं मोठं करून पाहावंसं वाटतं, आणि मग सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यावरचे आकडे भुरळ घालतात. हजार पट, सोळाशे पट, तेही फार खर्च न करता! या आकड्यांना फारसा अर्थ नाही. यूएसबी सूक्ष्मदर्शकाची ‘पट’ तुमचा पडदा केवढा आहे यावरही ठरते. मोठा पडदा लावला की आकडा फुगतो. अंधुक छायाचित्र कितीही ताणलं तरी त्यातला चेहरा स्पष्ट होत नाही, तसंच हे आहे.

विचारायला हवं ते दुसरंच: शेजारशेजारचे दोन ओरखडे हे भिंग वेगळे दाखवू शकतं का? याचं गणित अर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये मांडलं. भिंग वस्तूकडून किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं, हे ‘न्यूमरिकल अपर्चर’ या आकड्यातून कळतं. प्रकाशाच्या तरंगलांबीला त्याच्या दुपटीने भागलं, की वेगळं दिसू शकेल असं सर्वात लहान अंतर मिळतं. दहा पट वस्तुभिंगावर, म्हणजे वस्तूजवळच्या भिंगावर, बहुधा ०.२५ कोरलेलं असतं. हिरव्या प्रकाशात हिशेब येतो १.१ मायक्रॉन. चार पट भिंगावर ०.१० असतं, तिथे पावणेतीन मायक्रॉन. आणि उपयोगी वर्धन न्यूमरिकल अपर्चरच्या पाचशे ते हजार पटीपर्यंतच. म्हणजे ०.१० चं भिंग शंभर पटीपलीकडे नवं काही दाखवत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून तयार केलेल्या वस्तऱ्याचं टोक मायक्रॉनच्या एकदशांशाच्या आसपास असतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ०.४ ते ०.७ मायक्रॉन. त्यामुळे खरी धार साध्या प्रकाशात कोणालाच दिसत नाही, लाखाच्या यंत्रातूनही नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. एमआयटीच्या संशोधकांनी तोच वापरून २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केससुद्धा पात्याच्या कडेचे बारीक टवके काढतो. आपल्या सूक्ष्मदर्शकाला दिसतात ते धारेभोवतीचे पुरावे: दगडाने पाडलेले ओरखडे, टवके, आणि एका बाजूला मुडपलेली पातळ कड, म्हणजे बर. हजार नंबरच्या पाण्याच्या दगडातला कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचा. त्याचे ओरखडे आठ हजार नंबरच्या दगडाने पूर्ण गेले, की धारेपाशी चार राहिले? एवढं कळलं तरी पुढच्या घासणीतली निम्मी चाचपड संपते.

आता उजेड. माझ्या मते खरेदी इथेच फसते. शाळा-कॉलेजातला सूक्ष्मदर्शक खालून येणाऱ्या प्रकाशावर चालतो. कांद्याच्या पापुद्र्याला तो ठीक. पोलाद अपारदर्शक, त्याची नुसती काळी सावली दिसते. मनू प्रकाश यांचा कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, मला मनापासून आवडतो, पण त्याचीही मूळ रचना आरपार प्रकाशाचीच. पात्यावर प्रकाश वरून पडायला हवा. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकात तो वस्तुभिंगातूनच खाली येतो, म्हणून ती यंत्रं या कामाला सर्वोत्तम आणि नवी घेतली तर महाग. यूएसबीवाल्यात भिंगाभोवती एलईडींचं कडं असतं. चकचकीत पात्यावर त्या दिव्यांचेच ठिपके दिसतात. कड्यापुढे बटर पेपरचा तुकडा लावला तर चित्र एकदम सुधारतं. तो दिवा बंद करून बाजूने टॉर्च टाकला, ओरखड्यांना आडवा, की ओरखडे उठून दिसतात. टॉर्च ओरखड्यांच्या दिशेने फिरवला की तेच बुजतात. त्यामुळे एकाच कोनातून पाहून पातं गुळगुळीत झालं असं ठरवू नये.

पातं धरायचं कसं, हेही तितकंच महत्त्वाचं. ०.२५ च्या भिंगाखाली जेमतेम नऊ मायक्रॉन जाडीचा थर एका वेळी स्पष्ट दिसतो. सुरी टेबलावर आडवी ठेवली, तर धारेचा उतार पंधरा अंशांनी कललेला असतो आणि त्यातली तीस-पस्तीस मायक्रॉनची पट्टीच स्पष्ट येते. मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा घेऊन त्यात पातं असं रोवावं, की उतार भिंगाला समोरासमोर येईल. चाळीस पट वस्तुभिंगाच्या वाटेला जाऊ नये. ते पात्यापासून मिलिमीटरभरही दूर राहत नाही, आणि धार भिंगावर घासली की दोन्हींचं नुकसान.

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी सराफ वापरतात तसं तीन काचांचं दहा पट भिंग आणि टॉर्च पुरे. बर आणि टवके त्यात दिसतात. धार काढण्यात रोज हात असेल, तर दहा ते चाळीस पटींचा, दोन डोळ्यांनी पाहायचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक घ्यावा. पातं आणि भिंग यांत बोटं फिरवायला जागा राहते आणि खोली कळते. वस्तऱ्यावरचे अगदी शेवटचे ओरखडे पाहायचे असतील, तर वापरलेला धातुशास्त्रीय सूक्ष्मदर्शक शोधावा; हरियाणातलं अंबाला अशा उपकरणांचं जुनं केंद्र आहे. पैसे देण्याआधी दाढीचं नवं ब्लेड त्याखाली ठेवून पाहावं. कारखान्याने घासलेल्या उतारावरच्या बारीक समांतर रेषा सुट्या दिसल्या तरच तो सूक्ष्मदर्शक घ्यावा.