शंभर ते दोनशे चाळीस

टोकियोत घेतलेला मोबाइलचा चार्जर मुंबईत भिंतीला लावला, तर फोन निमूट चार्ज होतो. तिथलाच, तिथल्याच लोकांसाठी बनवलेला भाताचा विजेचा कुकर मात्र लावला की जळतो. दोघेही १०० व्होल्टच्या देशातले. मग आपले २३० व्होल्ट एकालाच कसे पेलवतात?

कुकरचं गणित सरळ आहे. तापणाऱ्या तारेचा रोध ठरलेला; दाब २.३ पट झाला की प्रवाहही तितकाच वाढतो आणि उष्णता पाच पटींहून जास्त होते. जुन्या टेपरेकॉर्डरसोबतचा जड, गरम होणारा एलिमिनेटरही असाच ताठर होता. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचं प्रमाण कायमचं ठरलेलं. १०० व्होल्टचे ९ करणारा एलिमिनेटर २३०ला जोडला तर वीसच्या वर व्होल्ट देणार.

त्यात जपानची आणखी एक गंमत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मनीहून ५० हर्ट्झची जनित्रं आणली, ओसाकाने अमेरिकेहून ६० हर्ट्झची. ती फाळणी आजही कायम आहे: साधारण फुजी नदीच्या पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. मार्च २०११च्या भूकंपानंतर पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडून फार वीज पाठवता आली नाही. दोन्ही जाळी जोडणाऱ्या केंद्रांची क्षमता जेमतेम १ गिगावॉट होती. एका देशाला शतकभर न सुटलेला हा पेच मुठीत मावणारा चार्जर रोज सोडवतो.

कसा? भिंतीतून आलेली लाट तो आधी मोडूनच टाकतो. आत शिरताच एसीची डीसी होते. २३० व्होल्टची सुमारे ३२५ व्होल्ट, १००ची सुमारे १४१. ५० की ६० हर्ट्झ हा प्रश्न इथेच संपतो. मग एक ट्रान्झिस्टर त्या डीसीचे सेकंदाला हजारो, काही चार्जरांत लाखो तुकडे करतो. दाब जास्त असेल तर तुकडे अरुंद, कमी असेल तर रुंद. पाण्याला जोर असला की नळ थोडाच वेळ सोडायचा, बादली तितकीच भरते, तसंच हे.

या वेगामुळेच चार्जर लहान झाला. लाट जितकी जलद, तितका कमी गाभा ट्रान्सफॉर्मरला पुरतो. पण इतक्या वेगाने साधं लोखंड भोवरप्रवाहांनी तापतं. त्यासाठी हवा फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेला, विजेला अडवणारा पण चुंबकत्व वाहणारा काळा पदार्थ. असं फेराइट १९३०मध्ये टोकियोतच योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी शोधलं, आणि ते बनवण्यासाठी १९३५मध्ये टीडीके कंपनी उभी राहिली.

मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. भिंतीकडची शेकडो व्होल्टची बाजू आणि आपल्या हाताकडची ५ व्होल्टची बाजू यांना थेट जोडणारी एकही तार नसते. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. मग ‘दाब वाढला, तुकडे अरुंद कर’ हा निरोप उलट कसा पोचतो? अनेक चार्जरांत तो प्रकाशाने पोचतो! एका बंद काळ्या चिपमध्ये इवलासा एलईडी उजळतो आणि समोरचा संवेदक तो उजेड वाचतो. दोन बाजूंमधलं अंतर काही मिलिमीटरांचंच असतं, पण आपला जीव त्यावर अवलंबून असतो. स्वस्त बनावट चार्जरात नेमकी हीच काटकसर होते.

दाबाचं आणि हर्ट्झचं भांडण असं मिटलं, उरला तो पिनांचा आकार. जपानच्या दोन चपट्या पिना अमेरिकेसारख्या. आपल्या गोल पिना जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या. खुद्द ब्रिटन १९४७च्या मानकानंतर फ्यूज असलेल्या, चौकोनी पिनांच्या प्लगकडे वळला, आपण गोल पिनांवरच राहिलो. बाजारात मिळणारा ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त हा आकार जुळवतो, व्होल्टेजला हातही लावत नाही.

म्हणून परदेशी वस्तू लावण्याआधी तिच्यावरची ‘इनपुट’ची बारीक ओळ वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर पिनेची सोय पुरे. नुसतं ‘१००’ किंवा ‘१२०’ असेल तर पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. आणि तीन पिनांची वस्तू असेल तर अर्थिंग सोडणारा दोन पिनांचा अडॅप्टर टाळा. ती तिसरी पिन बिघाडाच्या वेळी तुमच्यासाठीच आहे.