पृष्ठभागाला चिकटून धावणारा प्रकाश

ढाणकीच्या शिवारात पाखरं हाकायला कुणी जुनी सीडी टांगली, तर ती उन्हात निळी-हिरवी-तांबडी झळकते. तिच्यावर रंगीत थर असतो, असं बरेच जण समजतात. रंग कुठलाच नसतो. दर १.६ मायक्रोमीटरला एक ओळ आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, एवढंच. त्या ओळींवरून परतताना प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या दिशांना फाकतात.

पण सगळाच प्रकाश परतत नाही. १९०२ मध्ये रॉबर्ट वूड यांना धातूच्या अशाच रेघाळ पृष्ठभागावरून आलेल्या वर्णपटात मध्येच काळे पट्टे दिसले. हा प्रकाश गेला कुठे, याचा उलगडा व्हायला काही दशकं लागली. धातूतल्या इलेक्ट्रॉनांना हेलकावत तो लाट होऊन पृष्ठभागावरूनच निघून जात होता.

‘मग जबरदस्त मायक्रोस्कोप लावा, दिसेल की!’ नाही दिसत. एक तर तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक तपशील भिंगाला वेगळा काढता येत नाही. हे अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्येच सांगितलं; पुढे नुसतं मोठं केलं तर अंधूकपणाच मोठा होतो. दुसरी अडचण त्याहून अवघड. ही लाट पृष्ठभाग सोडतच नाही. हवेत काहीशे नॅनोमीटर वर गेलं की तिचा जोर ओसरतो. भिंगापर्यंत जे पोचतच नाही, ते भिंग दाखवणार कसं?

म्हणून एक तर सुई लाटेजवळ न्यायची. ही कल्पना एडवर्ड सिंज यांनी १९२८ मध्ये कागदावर मांडली. झुरिकच्या आयबीएममध्ये डीटर पोल यांच्या गटाने १९८४ मध्ये ती साकारली. टोकाला अतिसूक्ष्म छिद्र असलेली सुई पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून ओळीओळीने फिरवतात आणि मिळालेल्या आकड्यांचा नकाशा संगणक रंगवतो. मासिकांत छापलेली अशा लाटांची लालभडक चित्रं बहुधा अशीच रंगवलेली असतात. ते लाटेचे खरे रंग नव्हेत.

नाहीतर लाटेला गळू द्यायचं. काचेवर चांदीचा सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा थर असेल, तर थोडा प्रकाश ठरावीक कोनात काचेत झिरपतो आणि तेलात बुडवलेलं भिंग तो टिपतं. पुण्याच्या आयसरमध्ये जी. व्ही. पवन कुमार यांचा गट चांदीच्या नॅनोतारांवरच्या अशा लाटा अभ्यासतो. तारेच्या एका टोकावर लेझर टाकला, की दुसरं टोक उजळतं.

ही लाट इंटरनेटच्या फायबरसारखी गावोगाव मात्र जात नाही. दृश्य प्रकाशात, चांदीवरसुद्धा, दहा-पन्नास मायक्रोमीटरांत तिची उष्णता होते. तरी हे प्रयोगशाळेतलं खेळणं नव्हे. सोन्याच्या थरावर रेणू चिकटले, की लाट उठवणाऱ्या प्रकाशाचा कोन किंचित सरकतो. औषध प्रथिनाला किती घट्ट धरतं, हे त्या सरकण्यावरून मोजणारी यंत्रं १९९० पासून बाजारात आहेत.