हवेच्या उशा भरणाऱ्या यंत्रातील फिल्मचे सरळ चालणे

पनवेल तालुका हा मुंबई-पुणे मार्ग आणि न्हावा शेवा बंदर यांना जोडणाऱ्या वाटेवर वसलेला आहे. १९८९ साली हे बंदर सुरू झाल्यानंतर या परिसरात मालाची साठवण, बांधणी आणि पाठवणी यांचा व्यवसाय वाढत गेला. खोक्यातील माल आणि खोक्याची भिंत यांमधील पोकळी कशाने भरावी, हा या व्यवसायातील जुनाच प्रश्न होय. कोकणातून हापूसच्या पेट्या भाताच्या पेंढ्यात बसवून पाठविण्याची रीत सर्वपरिचित आहे. काचसामानासाठी कागदाचे कपटे वापरीत. अलीकडे या कामी प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये हवा भरून केलेल्या उशा वापरल्या जातात. या उशा माल बांधण्याच्या जागीच भरावयाच्या असल्यामुळे गोदामात केवळ फिल्मची गुंडाळी आणावी लागते. हवा आयत्या वेळी जागेवरच मिळते. १९५७ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात फील्डिंग आणि शावान यांनी जे बुडबुड्यांचे आवरण तयार केले, ते कारखान्यातच भरून निघते व म्हणून वाहतुकीत पुष्कळ जागा अडविते. उशा भरणाऱ्या यंत्राचे महत्त्व या फरकात आहे.

तथापि या सोयीबरोबर एक अडचणही येते. कारखान्यातील काटेकोर काम आता गोदामाच्या कोपऱ्यात, एका लहान यंत्रावर आणि बहुधा एकाच कामगाराच्या देखरेखीखाली व्हावयाचे असते. फिल्म आपल्या मार्गापासून दोन मिलिमीटर ढळली, तर सांधा अर्धवट बसतो. अशी उशी यंत्रातून बाहेर पडताना फुगलेली दिसते, पण प्रवासात हळूहळू बसते. आणि माल फुटल्याचे कळते तेव्हा तो दूर कोठे तरी पोहोचलेला असतो. दोष मात्र बहुधा माल बांधणाऱ्याच्या माथी येतो. यास्तव फिल्म सरळ का चालत नाही, याचे कारण नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या वर्गातील बहुसंख्य यंत्रांची रचना स्थूलमानाने एकसारखी असते. फिल्म दोन पदरी असून तिच्यात आडवे सांधे आधीच घातलेले असतात. त्यामुळे ओळीने कप्पे तयार होतात. एका कडेला लांबीभर एक मोकळी वाट ठेवलेली असते व प्रत्येक कप्प्याचे तोंड या वाटेत उघडते. गुंडाळी दांड्यावर बसवून तिला ब्रेक लावतात. फिल्म एकदोन रोलरांवरून पुढे येते, हवेची नळी त्या वाटेत शिरते, कप्पे भरतात आणि लगेच तप्त पट्ट्यांच्या किंवा चाकांच्या दाबाखाली त्यांची तोंडे मिटतात. शेवटी एक पाते वाट उभी चिरते आणि फिल्म नळीपासून मोकळी होते. फिल्म नळीकडे सरकली तर ती नळीवर गोळा होते आणि सांध्याला सुरकुत्या पडतात. ती नळीपासून दूर सरकली तर वाट ताणली जाते, पाते वाकडे चिरते आणि सांधा कप्प्यांच्या तोंडावरून घसरतो.

असे होऊ लागले की पहिला उपाय सुचतो तो कडेला गाइड घट्ट बसविण्याचा. जाड पुठ्ठा किंवा पत्रा असता तर हा उपाय चालला असता. परंतु २० मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिलीनला कडेने रेटले असता ती सरकत नाही, दुमडते. लोंबत्या धोतराचा काठ बोटाने ढकलून सबंध धोतर सरकवू पाहण्यासारखे ते आहे. फिल्म कडेने ढकलून सरळ करता येत नाही. ती ज्या रोलरवर जाऊन टेकते, तो सरळ करावा लागतो. असे का, हे पाहण्यासाठी फिल्म व रोलर यांचा संबंध तपासला पाहिजे.

फिरत्या रोलरवर फिल्म टेकते त्या क्षणी, घर्षण पुरेसे असेल तर, तिचा तो बिंदू रोलरच्या पृष्ठभागाला चिकटल्यासारखा होतो. रोलरचा पृष्ठभाग अक्षाला काटकोनात फिरतो. म्हणून तो बिंदूही अक्षाला काटकोनातच वाहून नेला जातो. येणारी फिल्म तिरकी असेल तर पुढचा प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूच्या किंचित बाजूला टेकतो, आणि फिल्म हळूहळू सरकत अशा स्थितीला येते की तिचा प्रवेश अक्षाशी काटकोनात व्हावा. याला लंबप्रवेशाचा नियम म्हणता येईल. डोनल्ड कॅम्बेल यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फिल्मला ताणलेल्या दोऱ्यासारखी मानून या गतीचे गणित मांडले. पुढे जॉन शेल्टन यांनी १९६८ साली ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात फिल्मला वाकणाऱ्या तुळईसारखी मानले व ते गणित वास्तवाच्या अधिक जवळ आणले.

तुळईचे हे गणित साध्या आकड्यांत मांडता येते. दोन रोलरांमधील मोकळा पल्ला ६०० मि.मी. आहे आणि पुढचा रोलर ३०० मि.मी. लांबीत १ मि.मी. तिरका आहे, असे समजू. म्हणजे तिरकेपणा ३०० मध्ये १. मागच्या रोलरवरून फिल्म सरळ सुटते आणि पुढच्या रोलरवर अक्षाशी काटकोनात पोचते. पुढच्या टोकाशी वाकवणारे आघूर्ण शून्य धरले, तर तिचे सरकणे तिरकेपणा व पल्ला यांच्या गुणाकाराच्या दोनतृतीयांश इतके येते. येथे ते सुमारे १.३ मि.मी. भरते. डोळ्यांना न दिसणारा एक मिलिमीटरचा तिरकेपणा सांधा बिघडविण्याच्या हद्दीजवळ फिल्मला आणून ठेवतो, आणि असे दोन रोलर एकाच दिशेने तिरके असले तर ती हद्द ओलांडलीच म्हणावयाची.

सरकण्याची दिशा कोणती, याविषयी कामाच्या जागी परस्परविरुद्ध अनुभव सांगितले जातात. रोलरचे जे टोक फिल्मच्या येण्याच्या बाजूला झुकलेले असते, त्या टोकाकडे फिल्म सरकते. त्या बाजूचा मार्ग आखूड असल्यामुळे तेथे फिल्म सैल असते. म्हणून ‘फिल्म सैल बाजूकडे जाते’ असे एक मत बनते. उलट रोलर एका टोकाला जाड असेल, तर फिल्म त्या जाड टोकाकडे, म्हणजे घट्ट बाजूकडे सरकते. पिठाच्या गिरणीतील चपटा पट्टा मध्यभागी फुगीर असलेल्या कप्पीवरून घसरत नाही, तो याच कारणाने: दोन्ही बाजूंनी तो मधल्या जाड भागाकडे चढत राहतो. वरवर पाहता या दोन गोष्टी विसंगत वाटतात. परंतु दोन्ही एकाच नियमातून निघतात. तिरका रोलर प्रवेशाची दिशाच बदलतो. निमुळता रोलर प्रवेशाची दिशा तशीच ठेवून असमान ओढीने आधीच्या पल्ल्यातील फिल्मला वाकवितो. सैल की घट्ट हे पाहून सरकण्याची दिशा ठरविणे म्हणूनच धोक्याचे आहे. गिरणीची युक्ती जशीच्या तशी फिल्मला लावणेही योग्य नव्हे. रोलर मध्ये फुगीर केला तर मध्यभाग ताणला जातो, कडा सैल पडतात आणि पातळ फिल्मला सुरकुत्या येतात.

ताणाचा प्रश्न यानंतर येतो. वरील उदाहरणातील फिल्म ३०० मि.मी. रुंद, प्रत्येकी २० मायक्रॉनच्या दोन पदरांची आहे असे धरले, तर तिचे छेदक्षेत्र १२ चौ. मि.मी. होते. पॉलिथिलीनचा यंग गुणांक दर चौ. मि.मी.ला २०० न्यूटन मानला, तर १० न्यूटन ताणाखाली फिल्म सरासरी ०.४२ टक्के ताणली जाते. रोलरच्या तिरकेपणामुळे एका कडेला ०.१७ टक्के अधिक आणि दुसरीला तितकीच कमी ओढ बसते. म्हणजे सैल कडेलाही ०.२५ टक्के ओढ शिल्लक राहते व फिल्म सपाट चालते. ब्रेक ढिला होऊन ताण ३ न्यूटनवर आला, तर सरासरी ओढ ०.१२५ टक्केच उरते, ती ०.१७ पेक्षा कमी असल्यामुळे एक कड लोंबू लागते व सुरकुती थेट सांध्याखाली शिरते. याच हिशेबाने १० न्यूटन ताणाला रोलरचा २.५ मि.मी. पर्यंतचा तिरकेपणा कड लोंबू न देता सोसतो, तर ३ न्यूटन ताणाला केवळ ०.७५ मि.मी. ताण वाढविल्याने सुरकुती जाते, पण फिल्मचे सरकणे जवळजवळ तेवढेच राहते, हे येथे ध्यानात घ्यावे. ताण वाढवून वाकडा रोलर झाकता येतो, सुधारता येत नाही. आणि ताण फाजील झाला तर हवेची वाट ताणून तिचे माप बिघडते.

लंबप्रवेशाचा नियम घर्षणावर आधारलेला असल्यामुळे रोलरला फिल्मचा वेढा पुरेसा असावा लागतो. खांबाला दोराचा वेढा जितका अधिक तितका दोर कमी सुटतो, हे तत्त्व येथेही लागू आहे. घर्षणांक ०.२ असता ९० अंशांच्या वेढ्यात दोन बाजूंच्या ताणांचे प्रमाण १.३७ पर्यंत जाऊ शकते. वेढा ३० अंशांवर आला तर ते अवघे १.११ उरते. पॉलिथिलीनमध्ये पदर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घसरण वाढविणारी द्रव्ये बहुधा मिसळलेली असतात. रोलरवर त्यांचा थर बसला की घर्षण घटते, फिल्म घसरते आणि नीट बसविलेला रोलरही तिला मार्गावर ठेवू शकत नाही. रोलर पुसणे हे केवळ टापटिपीचे काम नव्हे, ते याकरिता.

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही फिल्मला लागू पडेल. हवेच्या उशांच्या यंत्रात मात्र आणखी एक कारण उद्भवते. कप्पा भरला म्हणजे त्याची रुंदी आखडते. सपाट असताना १०० मि.मी. रुंद असलेला कप्पा पूर्ण गोल झाला तर त्याचा घेर २०० मि.मी. राहतो व व्यास सुमारे ६४ मि.मी. होतो. प्रत्यक्षात टोके चिमटलेली असल्यामुळे आखडणे याहून कमी असते. तथापि सांध्याची कड सपाट व पूर्ण लांबीची राहते आणि कप्प्यांची बाजू आखडते. परिणामी भरलेल्या उशांची माळ कप्प्यांच्या बाजूला वळू लागते. ही माळ हाताने ओढली, किंवा उंचावरून स्वतःच्या वजनाने लोंबू दिली, तर तिची वाकडी ओढ दाबपट्ट्यांपर्यंत पोचते आणि आत येणारी फिल्म तिरकी होते. दोष दिसतो आत, कारण असते बाहेर. यास्तव माळेला यंत्राच्या तोंडाशीच आधार द्यावा, आणि पट्ट्यांचा दाब तिची ओढ आत येऊ न देण्याइतका व दोन्ही टोकांना सारखा ठेवावा.

पनवेलच्या हवामानाचाही विचार करावयास हवा. पॉलिथिलीन स्वतः पाणी जवळजवळ शोषीत नाही. परंतु गुंडाळीच्या आतील पुठ्ठ्याची नळी कोकणच्या पावसाळ्यात दमट होते, मऊ पडते आणि दांड्यावर वाकडी बसते. मग गुंडाळीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर फिल्म एकदा इकडे, एकदा तिकडे होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तापलेली फिल्म मऊ होऊन त्याच ताणाखाली अधिक ताणली जाते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत स्थिर विद्युत साचून पदर एकमेकांना चिकटतात व नळीपुढे वाट सहज उघडत नाही. एकाच ब्रेकची एकच खूण वर्षभर चालेल, ही अपेक्षा म्हणूनच चुकीची ठरते.

दोष शोधण्याचा क्रम या सर्वांतून आपोआप ठरतो. सरकणे गुंडाळीच्या फेऱ्याबरोबर बदलत असेल तर नळी व दांडा पाहावा. ते एकाच दिशेने कायम असेल तर दुसरी गुंडाळी लावून पाहावी. दोष गेला तर पहिल्या फिल्ममध्येच उपजत वाक आहे असे समजावे. चारपाच मीटर फिल्म जमिनीवर पसरून कडेशी दोरा ताणून धरला म्हणजे तो वाक दिसतो. दोष राहिला तर रोलर पुसावेत आणि प्रत्येक दोन रोलरांमधील अंतर दोन्ही टोकांना मोजून ते समांतर करावेत. त्यानंतर ब्रेक, त्यानंतर दाब, आणि गाइड सर्वांत शेवटी. गाइडने फिल्मला जेमतेम स्पर्श करावा, तिला रेटू नये.

शेवटची गोष्ट धीराची. रोलर हलविल्यावर फिल्म तत्काळ नव्या जागी येत नाही. वरील तुळईच्या गणिताने पल्ल्याच्या दोनतृतीयांश इतकी, म्हणजे ४०० मि.मी. फिल्म पुढे गेल्यावर सुमारे ६३ टक्के सुधारणा होते. ९५ टक्क्यांसाठी सुमारे १.२ मीटर फिल्म जावी लागते. मिनिटाला १० मीटर वेग असता याला सात सेकंद पुरतात. एवढ्या वेळात काही फरक दिसत नाही असे समजून रोलर पुन्हा फिरविला, तर पहिली सुधारणा पोचण्यापूर्वीच दुसरी चूक सुरू होते, आणि फिल्म दोन्ही बाजूंना हेलकावे खाऊ लागते. प्रत्येक फेरफारानंतर दीड मीटर फिल्म जाऊ द्यावी व मगच निर्णय करावा, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ फिल्म वाया जाण्याचे वाचेल, आणि न केलेल्या चुकीचा दोष यंत्र चालविणाऱ्याच्या माथी येणार नाही.